पश्चिमेकडे सरकलेली हद्द आणि आपला सातबारा

विचुंब्यातून आम्ही बोलतोय. कुणी तांदूळ निवडता निवडता ऐकत असाल, कुणी शिलाई मशीनवर बसल्या बसल्या. आज जरा लांबची गोष्ट सांगणार आहोत. पण सांगून झाल्यावर ती तुम्हाला फार लांबची वाटणार नाही, अशी आमची खात्री आहे.

आपल्याकडे हल्ली दोन बायका भेटल्या की तिसऱ्या वाक्याला जमीन येते. कुणाच्या माहेरी वारसनोंद चालू असते. कुणाला भावाने हक्कसोडपत्रावर सही करायला बोलावलेलं असतं. कुणाला नगररचना योजनेच्या नकाशात आपलं शेत नेमकं कुठे गेलं तेच सापडत नाही. अशाच गप्पा चालल्या होत्या, तेव्हा आमच्यातल्या एकीची शाळेत जाणारी मुलगी मध्येच म्हणाली, "आमच्या सरांनी अमेरिकेचा नकाशा दाखवला. आधी पूर्वेच्या किनाऱ्याला एक पट्टी, आणि शंभर वर्षांत देश पार पश्चिमेच्या समुद्राला टेकला. मधली जमीन कुणाची होती गं?"

प्रश्न साधा होता, पण आम्ही गप्प झालो. आजचं आमचं बोलणं म्हणजे त्या प्रश्नाचं उत्तर आहे.

विकत घेतलेला मुलूख

अमेरिका 1776 साली स्वतंत्र झाली तेव्हा ती अटलांटिक समुद्राच्या काठची तेरा राज्यं होती. 1783 च्या तहात इंग्रजांनी तिची हद्द मिसिसिपी नदीपर्यंत मान्य केली. मग 1803 साली मोठा सौदा झाला. फ्रान्सच्या नेपोलियनला युद्धासाठी पैसा हवा होता. त्याने मिसिसिपीच्या पश्चिमेचा लुइझियाना नावाचा मुलूख अमेरिकेला दीड कोटी डॉलरना विकला. हा मुलूख केवढा? आपली सात महाराष्ट्र राज्यं शेजारी शेजारी ठेवली तर जेवढी जागा लागेल, साधारण तेवढा. एका सौद्यात देश दुप्पट झाला.

पण विकणाऱ्याने खरं काय विकलं? त्या जमिनीवर फ्रेंच माणसं होती मूठभर. तिथे राहत होते ओमाहा, पोंका, लाकोटा, ओसेज, पॉनी असे अनेक आदिवासी समाज. त्यांची गावं होती, मक्याची शेतं होती, शिकारीचे ठरलेले मुलूख होते. त्यांना कुणी विचारलंच नाही. जी जमीन फ्रान्सच्या ताब्यात नव्हती तिच्यावरचा दावा फ्रान्सने विकला आणि अमेरिकेने घेतला.

पुढे हे चालूच राहिलं. 1845 मध्ये टेक्सास आलं, 1846 मध्ये ओरेगॉनचा प्रश्न इंग्रजांशी करार करून मिटला, आणि 1848 मध्ये मेक्सिकोशी युद्ध जिंकल्यावर कॅलिफोर्नियासकट मोठा प्रदेश मिळाला. साठ-सत्तर वर्षांत देश एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत पोचला. 1845 साली तिथल्या एका संपादकाने या सगळ्याला नाव दिलं. त्याच्या म्हणण्याचा अर्थ असा, की सगळं खंड व्यापणं हे आमचं ठरलेलंच भाग्य आहे, दैवानेच ते नेमून दिलंय. एकदा देवाचं नाव घेतलं की शेजाऱ्याला विचारायची गरज उरत नाही, हे आपण घरच्या वाटण्यांतही पाहिलंय.

त्याच काळात आपल्याकडेही हेच चाललं होतं. 1818 साली पेशवाई बुडाली आणि इथला कर्नाळा किल्लाही इंग्रज कंपनीच्या हाती गेला. 1848 साली राजाला औरस मुलगा नाही असं कारण सांगून सातारचं राज्य खालसा झालं. तिकडे दैवाचं नाव होतं, इकडे वारसाच्या नियमाचं. वाढणारी सत्ता नेहमी एखादं कारण बरोबर घेऊनच येते.

साखळी आणि चौकोन

जमीन घेतली, पण ती वाटायची कशी? त्यासाठी अमेरिकेने 1785 सालीच एक पद्धत ठरवली होती. डोंगर असो की ओढा, सगळ्या मुलखावर सहा मैल लांब आणि सहा मैल रुंद असे चौकोन आखायचे. प्रत्येक चौकोनाचे 36 तुकडे. एक तुकडा 640 एकरांचा. त्याचा चौथा हिस्सा 160 एकर. मोजणीदार 66 फुटांची लोखंडी साखळी ओढत पुढे जात आणि त्यांच्यामागून वस्ती येई.

आपल्याला हे ओळखीचं वाटायला हवं. आपला गुंठा 33 फूट लांब आणि 33 फूट रुंद असतो, म्हणजे त्यांच्या साखळीच्या बरोबर निम्मा. असे 40 गुंठे म्हणजे एक एकर. मुंबई इलाख्यात 1836 साली इंदापुरापासून नव्या पद्धतीची जमीन मोजणी सुरू झाली. पुढे गावोगाव सर्व्हे नंबर पडले. आपल्या आज्या शेताला नावाने ओळखत. कुणी म्हणे आंब्याचं, कुणी म्हणे खाचरातलं. कागदावर मात्र ते एका नंबराचं शेत झालं.

मोजणी ही वाईट गोष्ट नाही, हे आधीच सांगतो. मोजलेली जमीन असते म्हणून तर आपण भांडू शकतो. पण मोजणी करणारा कुणासाठी मोजतोय, हे महत्त्वाचं. अमेरिकेच्या चौकोनांत आदिवासींची शेतं, दफनभूमी, नदीकाठची गावं कुठेच दिसत नव्हती. नकाशा कोरा होता, आणि नकाशा कोरा असला की जमीनही रिकामी असं धरून चालतात.

1862 साली वसाहतीचा मोठा कायदा झाला. कुणीही सज्ञान नागरिकाने 160 एकर जमीन मागावी, पाच वर्षं तिथे राहून ती कसावी, आणि किरकोळ फी भरून मालक व्हावं. 160 एकर म्हणजे आपल्या हिशोबाने 6400 गुंठे! या कायद्याखाली कालांतराने साधारण 27 कोटी एकर जमीन वाटली गेली. आपल्या विषयाला धरून एक गोष्ट सांगायला हवी. या कायद्यात एकट्या बाईला, विधवेला, कुटुंब चालवणाऱ्या बाईला स्वतःच्या नावावर जमीन मागता येत होती. हजारो बायकांनी ती घेतली. गवताळ माळावर मातीच्या ढेकळांचं घर बांधून, थंडीवाऱ्यात एकट्या राहून त्यांनी शेती केली. त्यांचं धाडस खोटं नव्हतं. पण ज्या मातीवर त्या उभ्या राहिल्या ती दुसऱ्या कुणा बाईच्या पायाखालून काढलेली होती. या दोन्ही गोष्टी एकदमच खऱ्या आहेत.

बायकांनी आधीच सांगितलं होतं

आता त्या दुसऱ्या बाईकडे वळू. जॉर्जिया राज्याच्या डोंगराळ भागात चेरोकी नावाचा समाज राहत होता. त्यांच्यात वंश आईकडून मोजत. घर आणि शेत बायकांच्या हाती असे. 1817 साली नॅन्सी वॉर्ड नावाच्या वृद्ध, मानाच्या स्त्रीने इतर बायकांना बरोबर घेऊन आपल्या समाजाच्या पंचायतीला अर्ज पाठवला, की आता आणखी जमीन गोऱ्यांना देऊ नका.

चेरोकी लोक काही मागे राहिलेले नव्हते. 1821 साली त्यांच्यातल्या सिक्वोया नावाच्या माणसाने त्यांच्या भाषेसाठी लिपी तयार केली. 1827 साली त्यांनी स्वतःची राज्यघटना लिहिली. 1828 साली स्वतःचं वर्तमानपत्र काढलं. शिका, सुधारा, मग तुम्हाला बरोबरीने वागवू, असं सांगितलं जात होतं, आणि ते सगळं त्यांनी केलं. पण तेवढ्यात त्यांच्या डोंगरांत सोनं सापडलं. 1830 साली अमेरिकेच्या संसदेने आदिवासींना मिसिसिपीच्या पलीकडे हलवण्याचा कायदा केला.

तरी करारावर सही लागत होती. ती कशी मिळवली, ऐका. 1835 साली समाजातल्या थोड्याशा पुरुषांना बसवून करार लिहून घेतला. त्यांना तो करायचा अधिकार समाजाने दिलेला नव्हता. चेरोकींच्या निवडलेल्या प्रमुखाने विरोध केला, हजारो लोकांच्या सह्यांचा अर्ज वॉशिंग्टनला गेला, तरी तो करार पक्का धरला. 1838 साली सैनिक दारात आले. साधारण सोळा हजार माणसं घराबाहेर काढली गेली आणि शेकडो मैल पश्चिमेला चालवली गेली. वाटेत आणि छावण्यांत थंडीने, आजाराने सुमारे चार हजार दगावली. त्या वाटेला आजही आसवांची वाट म्हणतात.

दुसरी गोष्ट नेब्रास्कातल्या पोंका समाजाची. 1868 साली सरकारने लाकोटांशी करार करताना चुकून पोंकांची जमीनच लाकोटांना देऊन टाकली. चूक लिहिणाऱ्याची होती. पण ती दुरुस्त करण्याऐवजी 1877 साली पोंकांनाच उचलून दक्षिणेला, आजच्या ओक्लाहोमात नेऊन ठेवलं. तिथे हिवतापाने माणसं मेली. त्यांचा एक प्रमुख होता स्टँडिंग बेअर. त्याचा मुलगा मरताना म्हणाला, मला आपल्या नदीकाठी पुरा. बापाने मुलाची हाडं बरोबर घेतली आणि 1879 च्या जानेवारीत, बर्फात, थोड्या माणसांसह उत्तरेची वाट धरली. त्याला अटक झाली. खटला उभा राहिला तो या प्रश्नावर, की आदिवासी हा कायद्यापुढे माणूस आहे की नाही. न्यायाधीशाने निकाल दिला की आहे. विचार करा मैत्रिणींनो, देश स्वतंत्र होऊन शंभर वर्षं झाली होती, आणि हे कोर्टाला लिहून द्यावं लागलं.

त्यानंतर स्टँडिंग बेअर गावोगाव जाऊन आपली हकिगत सांगू लागला. त्याचं बोलणं इंग्रजीत करून सांगायला एक तरुण मुलगी बरोबर होती, ओमाहा समाजाची सुझेट ला फ्लेश. तिच्या धाकट्या बहिणीपाशी आपली गोष्ट आपल्या घराजवळ येते.

दोन मुली, एक कॉलेज

त्या धाकट्या बहिणीचं नाव सुझन ला फ्लेश. जन्म 1865. त्याच साली आपल्या शेजारच्या कल्याणच्या जोशी घराण्यात यमुना नावाची मुलगी जन्मली. लग्नानंतर ती आनंदीबाई जोशी झाली. आनंदीबाईंना आपण सगळ्याच ओळखतो. चौदाव्या वर्षी बाळंत झाल्या, मूल दहा दिवसांत गेलं. बायकांना तपासायला बाई डॉक्टर हवी, हे त्यांनी मनाशी धरलं. सुझनचंही तसंच. लहानपणी तिने एका आजारी म्हातारीपाशी रात्र काढली. सरकारी डॉक्टरला पुन्हा पुन्हा निरोप गेला, तो आला नाही आणि पहाटे म्हातारी गेली. एक आदिवासी बाई मेली तर कुणाचं काय जातं, हे त्या रात्री तिला कळलं.

दोघींनी फिलाडेल्फियाचं एकच स्त्रियांचं वैद्यकीय कॉलेज गाठलं. आनंदीबाई 1886 च्या मार्चमध्ये पदवी घेऊन बाहेर पडल्या. त्याच वर्षी सुझन तिथे दाखल झाली आणि 1889 साली डॉक्टर झाली. अमेरिकेतल्या आदिवासी समाजातली ती पहिली बाई डॉक्टर. आनंदीबाईंच्या पदवीदानाला आपल्या पंडिता रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून गेल्या होत्या. पुढे त्या 1888 पर्यंत अमेरिकेत फिरल्या, पूर्वेकडून पार पश्चिमेच्या सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत गेल्या, आणि 1889 साली त्यांनी अमेरिकेच्या लोकस्थितीवर मराठीत पुस्तक लिहिलं. तिथल्या बायकांच्या संस्था, शाळा, दवाखाने यांचं त्यांनी मनापासून कौतुक केलं. पण गोऱ्यांनी तिथल्या मूळ लोकांशी कसा व्यवहार केला, तेही त्यांनी झाकून ठेवलं नाही. ज्या देशाने आपल्या कामाला मदत दिली त्या देशाचे दोषही सांगायचे, याला हिंमत लागते. आपल्या भाषेत हे एका बाईने सव्वाशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय, हे आम्हाला मोठं वाटतं.

बंदुकीनंतर कागद

रमाबाई तिथे असतानाच, 8 फेब्रुवारी 1887 ला, अमेरिकेत एक कायदा झाला. त्याला डॉझ कायदा म्हणतात. त्याच महिन्यात 26 तारखेला इकडे पुण्यात आनंदीबाईंनी डोळे मिटले.

डॉझ कायदा काय म्हणत होता? आदिवासींकडे जी थोडी राखीव जमीन उरली होती ती सगळ्या समाजाची सामाईक होती. ती आता तुकडे करून एकेकाच्या नावावर करायची. कुटुंबप्रमुखाला 160 एकर, एकट्या सज्ञान माणसाला 80, मुलांना 40. सगळं वाटून जे उरेल ते जादा ठरवून सरकारने घ्यायचं आणि बाहेरच्या वसाहतवाल्यांना विकायचं. ऐकायला किती चांगलं! प्रत्येकाला स्वतःची जमीन. हा कायदा आणणाऱ्यांपैकी कितीतरी जणांना आपण भलंच करतोय असं मनापासून वाटत होतं. ओमाहांच्या जमिनीचं असंच वाटप आधीच, 1882 च्या वेगळ्या कायद्याने, झालं होतं, आणि ते करायला गेलेली ॲलिस फ्लेचर ही आदिवासींबद्दल कळवळा असलेली विदुषी होती.

पण या कायद्याच्या पोटात काय होतं पहा. कुटुंबप्रमुख म्हणजे नवरा. नवरा असलेल्या बाईला 1887 च्या कायद्याने एक गुंठाही दिला नाही. ज्या समाजांत पिढ्यान् पिढ्या शेत बाईचं असे, तिथे एका ओळीत तिचं नाव पुसलं गेलं. चार वर्षांनी, 1891 साली, कायदा दुरुस्त करून प्रत्येकाला सारखी जमीन ठरवली, तोवर किती तरी वाटणी होऊन गेली होती.

पुढचं आपण सांगायला नको. पंचवीस वर्षं जमीन विकता येणार नाही अशी अट होती. 1906 साली ती सैल केली. मग कर थकला, कर्ज झालं, दलाल आला, अंगठा उठला. मालक मेला की वारसांत तुकडे पडले, आणि इतक्या तुकड्यांची शेती कुणाला जमेना. 1887 साली आदिवासींकडे 13 कोटी 80 लाख एकर जमीन होती. 1934 साली हा कायदा थांबवला तेव्हा 4 कोटी 80 लाख उरली होती. यातली बहुतेक जमीन लढाईत नव्हे तर कचेरीत गेली.

डॉक्टर सुझनने हे सगळं जवळून सोसलं. शिकून ती आपल्या माणसांत परतली. शेकडो चौरस मैलांत हजाराहून जास्त माणसांना ती एकटी तपासत असे, कधी घोडागाडीतून, कधी पायी. तिला दिसलं की रोग अंगात असतो तितकाच तो कागदात असतो. नवरा गेल्यावर मुलांच्या वाट्याच्या जमिनीसाठी तिला स्वतःलाच सरकारी कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागले. मग ती शेजाऱ्यापाजाऱ्यांचे अर्ज लिहू लागली, आणि 1910 साली समाजाची बाजू मांडायला वॉशिंग्टनला गेली. आमचे व्यवहार आम्हाला कळतात, आमच्या वतीने दुसऱ्याने ठरवू नये, असं तिचं म्हणणं होतं. 1913 साली वॉल्टहिल गावात तिने दवाखाना उभारला. दोन वर्षांनी ती गेली.

आता घरी येऊ

आता तुम्ही म्हणाल, याचा विचुंब्याशी काय संबंध? सारखेपणा ओढूनताणून दाखवायचा नाही. आपण मतदान करतो, आपली ग्रामपंचायत आहे, कोर्ट आहे, नुकसानभरपाईचा कायदा आहे. तिकडे हे नव्हतं. पण शहर जेव्हा सरकत येतं तेव्हा काही गोष्टी त्याच क्रमाने घडतात, आणि त्या ओळखता याव्यात म्हणून ही गोष्ट.

1970 साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरणच्या 95 गावांच्या जमिनी नव्या मुंबईसाठी ठरल्या. नकाशावर तेव्हाही खाडी, मिठागरं आणि भातखाचरं मोकळी जागा म्हणूनच दिसली असतील. पण तिथे आगरी, कोळी, कराडी माणसं पोट भरत होती. 16 आणि 17 जानेवारी 1984 ला जासई आणि दास्तान फाट्याच्या परिसरात गोळीबार झाला, पाच जण हुतात्मे झाले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत द्यायची पद्धत पुढे आली. म्हणजे एकत्र उभं राहिल्यामुळे कागद बदलला, हेही आपल्याच मातीत घडलं.

आता 2013 पासून विमानतळाभोवतीचं नैना क्षेत्र आहे आणि आपलं विचुंबे त्यात येतं. इथली पद्धत वेगळी आहे. नगररचना योजनेत सगळ्यांच्या जमिनी एकत्र धरून रस्ते, शाळा, मैदानं आखायची आणि मालकाला 40 टक्के जमीन भूखंड म्हणून परत द्यायची. कुणाला हे फायद्याचं वाटतं, कुणाला तोट्याचं. त्यावर आज आम्ही निकाल देत नाही. आम्ही एवढंच विचारतो, की परत येणारा भूखंड कुणाच्या नावावर येणार? सातबाऱ्यावर ज्याचं नाव, त्याच्या. ज्या बहिणीचं, ज्या सुनेचं, ज्या विधवेचं नाव तिथे लागलेलंच नाही, ती या नव्या नकाशात दिसणारच नाही. तिच्यापुरता नकाशा कोराच.

आणि आपल्यातल्याही कोऱ्या जागा पाहू या. डोंगराच्या पायथ्याच्या कातकरी वाड्या पिढ्यान् पिढ्या तिथेच आहेत, पण कितीतरी घरांखालच्या जमिनीचा कागद त्यांच्याकडे नाही. आपल्या जमिनीचा भाव वाढला की त्यांना उठा म्हणणारे आपल्यातलेच असतात. 2006 च्या वनहक्क कायद्यात मात्र एक छान गोष्ट आहे. वनजमिनीचा हक्क मिळाला तर तो नवरा-बायको दोघांच्या नावावर द्यायचा असतो. डॉझ कायद्याने जे केलं त्याच्या बरोबर उलट.

सही करण्याआधी

शेवटी कामाच्या चार गोष्टी सांगतो. कागद जवळ असेल तर लिहून घ्या.

पहिली. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क आहे. महाराष्ट्रात 1994 साली कायदा झाला, पण त्यात आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. 9 सप्टेंबर 2005 पासूनच्या देशाच्या कायद्याने त्याही आल्या. वडील त्या तारखेला हयात असायलाच हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली स्पष्ट केलं. फक्त 20 डिसेंबर 2004 च्या आधी रीतसर झालेल्या वाटण्या या कायद्याने मोडत नाहीत.

दुसरी. सातबारा स्वतः पहा. महाभूलेखच्या संकेतस्थळावर तो मोबाईलवर दिसतो. शाळेत जाणाऱ्या मुलांना सांगा, ती काढून देतील. नाव नसेल तर तलाठ्याकडे वारसनोंदीचा अर्ज करा. फेरफाराची नोटीस आली आणि पटलं नाही, तर पंधरा दिवसांत लेखी हरकत द्या आणि त्याची पोच घ्या.

तिसरी. हक्कसोडपत्र हा साधा कागद नाही. दुय्यम निबंधकाकडे नोंदला गेला की हक्क गेला, आणि तो परत मिळवायला कोर्टाची पायरी चढावी लागते. भावाला प्रेमाने द्यायचं असेल तर जरूर द्या, तो तुमचा अधिकार आहे. पण काय देतोय ते माहीत असून द्या. त्या जमिनीचा आज भाव काय, योजनेत तिच्या बदली काय मिळणार, हे विचारा. माहेर तुटेल या भीतीने घाईत केलेली सही, आणि चेरोकींच्या नावाने दुसऱ्यांनीच केलेली सही, यांत आम्हाला फार अंतर दिसत नाही.

चौथी. कुलमुखत्यारपत्र देताना तर दहादा विचार करा. आपल्या वतीने विकण्याचा अधिकार आपण दुसऱ्याला देत असतो. कागद घरी आणा, रात्रभर ठेवा, शिकलेल्या माणसाकडून मोठ्याने वाचून घ्या. जो म्हणतो, आत्ताच्या आत्ता सही हवी, त्याला सांगा, उद्या ये.

आमच्यातल्या त्या शाळकरी मुलीला आम्ही उत्तर दिलं. मधली जमीन माणसांची होती, पण त्यांची नावं कागदावर नव्हती आणि कागद त्यांच्या भाषेत नव्हता. ती थोडा वेळ गप्प बसली. मग आईकडे वळून म्हणाली, "आई, आपल्या सातबाऱ्यावर तुझं नाव आहे का गं?"

आईला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती तलाठी कार्यालयात गेली. तुम्हीही जा. एकट्या जायला अवघड वाटत असेल तर दोघी-तिघी मिळून जा, आणि काय झालं ते आम्हाला येऊन सांगा.